जरा उजळ करा, ताई

आमच्या धंद्यात बाईला काही काम नसतं, पण बाई लागते. बोअरवेलच्या मोटारीला लागते, ट्रॅक्टरच्या टायरला लागते, द्राक्षावर मारायच्या औषधालासुद्धा लागते. सिडकोत आमचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. नवरा मशीन बघतो आणि मी कॉम्प्युटरवर बसून डिझाइन करते. गिऱ्हाईक माझ्या शेजारी स्टूल ओढून बसतं. दुकानाचं नाव झालं, फोन नंबर झाला, मोटारीचा फोटो झाला, की हमखास मान तिरकी करून स्क्रीनकडे बघतं आणि म्हणतं, "लय मोकळं वाटतंय ओ ताई. इकडं एखादी बाई टाका ना."

विंचूरहून एक मोटारवाला आला होता. त्याला मी साडीतली, हसरी, हात जोडलेली बाई टाकून दाखवली. तो म्हणाला, "ही नको, ही आमच्या वहिनीवानी दिसती. जरा मॉडर्न टाका." मग मॉडर्न टाकली. खांदे उघडे, केस मोकळे, एक हात मोटारीवर. अशा अवतारात कांद्याच्या शेतात मोटार चालू करायला कोण जातं, ते त्यालाच ठाऊक. मनातल्या मनात मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, आणि मोटार झाकली जात होती म्हणून बाईची कंबर थोडी आत घेतली. वर त्याला चहाही पाजला.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये 'बायका' नावाचं एक फोल्डर आहे. त्याच्या वर 'फुलं', त्याच्या खाली 'बॉर्डर'. इतकी वर्षं मी ते रोज उघडत आले आणि मला त्यात काही म्हणता काही खटकलं नाही.

दुसरं मागणं उजळ करण्याचं. वाढदिवसाचा फ्लेक्स असो, साखरपुड्याचा असो, नाहीतर वॉर्डातून उभ्या राहिलेल्या एखाद्या ताईंचा असो, फोटो दिला की पाठोपाठ वाक्य येतंच, "जरा उजळ करा, ताई." पुरुषाचं काम थोडकं असतं. डोळ्यांखालचं काळं काढायचं, फोड असेल तर पुसायचा, दाढीचे खुंट मात्र ठेवायचे, कारण त्यानं म्हणे रुबाब येतो. बाईचं तसं नाही. आधी दोन छटा उजळ, मग गालांवरून ब्रश, ओठांना रंग, हनुवटी जराशी निमुळती. बोलता बोलता, फोन खांद्याला धरून मी हे करते. हल्ली तर कुणी सांगायचीही गरज पडत नाही, हात आपोआप जातो. ताईंचा हात चांगला आहे, असं घोटीपर्यंतची माणसं म्हणतात. मलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि मी स्वतः काळी आहे. सावळीबिवळी नाही, चांगली काळी. लग्न ठरायच्या वेळी जे जे ऐकावं लागतं ते सगळं ऐकून झालंय माझं. तरी मला कधी असं वाटलं नाही, की बाई गं, तू हे काय करत बसलीयेस? धंदा म्हणजे धंदा, एवढंच.

लेक माझ्यावर गेली. रंगानं, नाकानं आणि तोंडानंही. सहावीत आहे. शाळा सुटली की ती दुकानात यायची, मशीनमागच्या कट्ट्यावर दप्तर टाकायची आणि छापून बाहेर येणाऱ्या फ्लेक्सकडे बघत डबा खायची. विंचूरवाल्याचा फ्लेक्स निघाला त्या दिवशीही ती तिथंच होती.

"आई, ही बाई मोटार दुरुस्त करते?"

"नाही गं."

"मग विकते?"

"नाही."

"मग ती तिथं का उभी आहे?"

"लोकांनी बघावं म्हणून."

"मोटार बघत नाहीत लोक?"

मी आणि तिचे पप्पा पोट धरून हसलो. कार्टी वकील होणार, असं ते म्हणाले. तिला मात्र उत्तर कुणीच दिलं नाही. पुढं केव्हातरी तिनं विचारायचं सोडून दिलं आणि ती नुसतीच बघत राहायला लागली. मला वाटलं, कळायला लागलं पोरीला.

पळण्यात मात्र ती कुणाला ऐकायची नाही. पहाटे उठवावं लागायचं नाही तिला, बूट घालून तीच पप्पांना हलवायची. ग्राउंडवर एक सर आसपासच्या पोरांना शिकवतात. त्यांनी हिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला म्हणाले होते, "ताई, ही पोरगी पाय टेकवतच नाही." जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत ती आठशे मीटरला पहिली आली. आमच्याच कॉलनीतली दोन मुलंही चमकली, एक लांब उडीत आणि एक कुस्तीत. मग काय, मित्रमंडळाची पोरं नाचतच दुकानात आली. विहाराजवळच्या चौकात तिघांच्या अभिनंदनाचा मोठा फ्लेक्स लावायचा ठरला.

तो फ्लेक्स मीच केला. आनंदानं केला, ऊर भरून आला होता माझा. सरांनी फोटो पाठवले होते. त्यात एक पळतानाचा होता, शेवटच्या वळणावरचा. तो मी घेतलाच नाही, कारण त्यात तिचं तोंड वाकडं झालं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या आणि घामानं सगळा चेहरा काळा कुळकुळीत चमकत होता. मेडल घालून उभी असतानाचा साधा फोटो घेतला. दोन मुलं दोन बाजूंना आणि माझी लेक मधोमध. आणि मग, देवाशपथ सांगते, मी काही ठरवून केलं नाही. हाताला सवय होती, हात गेला. दोन छटा उजळ, गालांवरून ब्रश, ओठांना हलका गुलाबी रंग, हनुवटी निमुळती. त्या दोघा मुलांचे डोळ्यांखालचे डाग तेवढे काढले. नवऱ्यानं छापला. त्यालाही काही दिसलं नाही. आमच्या दुकानात ते कुणाला दिसणार होतं?

सकाळी फ्लेक्स चढला तेव्हा सगळी कॉलनी चौकात जमली होती. शेजारच्या मावशी गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, काय गोड दिसतेय! हिरॉईनच जणू. मी तर ओळखलंच नाही हिला." पोरं शिट्ट्या मारत होती. मी लेकीकडे पाहिलं. ती हसत होती. मला वाटलं, लाजतेय.

संध्याकाळी दुकानात आल्यावर तिनं दप्तर कट्ट्यावर टाकलं नाही. ते खांद्यावर तसंच ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, तू मला गोरं केलंस."

मी मान वर केली. तोपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं.

"त्या दोघांना नाही केलंस," ती म्हणाली. "त्यांना तसंच ठेवलंस."

तिथं मी थांबायला हवं होतं. पोरीला जवळ घ्यायला हवं होतं, चुकले गं बाई, म्हणायला हवं होतं. पण समोर गिऱ्हाईक बसलेलं, लग्नसराईचं काम पडलेलं. मी म्हणाले, "अगं, मुलींचं करावंच लागतं तेवढं. बॅनरवर बरं दिसतं."

"बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

हे वाक्य मी आयुष्यात शेकडो गिऱ्हाइकांना बोलले असेन. स्वतःच्या पोटच्या पोरीला तेच ऐकवलं. आठवलं की अजून तोंड लपवायला जागा सापडत नाही.

पुढचे काही दिवस मला काहीच कळलं नाही. मी अशी आंधळी. ती डाळीचं पीठ आणि दही घेऊन बाथरूममध्ये जायची, मला वाटलं, मोठी होतेय. ग्राउंडवर जाताना स्कूटीवरच्या कॉलेजच्या मुलींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळायला लागली, वर पूर्ण बाह्यांचा टॉप. मी उलट कौतुक केलं, बरं झालं, काळजी घ्यायला लागली स्वतःची! मग पहाटे तिला उठवावं लागायला लागलं. मग पोट दुखायला लागलं, मग शाळेचा अभ्यास. आणि मग एक दिवस सरच दुकानात आले.

"ताई, विभागीयला तिची निवड झालीय आणि पोरगी ग्राउंडवर येतच नाही. घरी काही झालंय का?"

माझं डोकं फिरलं. सरांसमोर लाज काढली हिनं माझी, एवढंच माझ्या मनात. घरी जाऊन तिला फाडफाड बोलले. तुझ्या बुटांसाठी पप्पा रात्री जागून मशीन चालवतात, तुला काय थेरं सुचतायत, सरांनी एवढं शिकवलं ते काय पाण्यात घालायला? तोंडाला येईल ते बोलले. माझं तोंड एकदा सुटलं की सुटतं. ती ऐकून घेत भिंतीला टेकून उभी होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "ग्राउंडवर उन्हानं मी आणखी काळी पडते. पुढच्या बॅनरला तू किती उजळ करशील?"

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी उत्तर दिलं असतं. ती खरोखरच विचारत होती. माझं काम वाढेल याची तिला काळजी वाटत होती.

मी खाली बसले आणि रडले. तिला पोटाशी धरून सांगितलं, मी चुकले, तू आहेस तशीच छान आहेस, आहेस तशीच मला हवी आहेस. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिनं माझी समजूत काढली, पण तिची समजूत पटली नव्हती. अकरा वर्षांच्या पोरीला कळतं हो, आई रोज दिवसभर काय करते आणि रडताना काय बोलते.

मग मला वाटलं, बोलून काय उपयोग, करूनच दाखवू. दुसऱ्या दिवशी सगळी कामं बाजूला सारली. सरांचा तो शेवटच्या वळणावरचा फोटो शोधून काढला. त्याला हात लावला नाही. ब्रश नाही, छटा नाही, काही नाही. उघडं तोंड, ताणलेल्या शिरा, कपाळाला चिकटलेले केस, घामानं निथळणारा काळाभोर चेहरा, आणि जमिनीपासून सुटलेले दोन्ही पाय. फोटो स्क्रीनभर मोठा केला तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, सर काय म्हणत होते ते. अशी सुंदर पोरगी मी कुठल्याच फ्लेक्सवर पाहिली नव्हती. माझीच होती आणि मी ती बाजूला टाकली होती. नवऱ्याला म्हटलं, जुन्याच मापाचा छाप, चौकातला उतरवून हा लावू. त्यानं लगेच मशीन चालू केलं.

शाळेतून आल्यावर तिला हात धरून आत नेलं. फ्लेक्स फरशीवर पसरून ठेवला होता. मला वाटलं होतं, ती हरखून जाईल. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "पळताना मी अशी दिसते?"

"हो," मी म्हणाले. "बघ ना, किती..."

"सगळ्यांना अशीच दिसते?"

"अगं, वाघीण दिसतेस!"

ती गुडघ्यांवर बसली आणि फ्लेक्स गुंडाळायला लागली, नीट, सुरकुती पडू न देता, छापलेली बाजू आत घेऊन. "हा नको ना लावू, आई," ती म्हणाली. "चौकात तोच राहू दे. त्यात मी चांगली दिसते."

तिचे पप्पा शिडी आणि दोरी घेऊन दारात उभे होते. ते तसेच मागे फिरले.

विभागीय स्पर्धेच्या दिवशी ती शाळेत गेली. सरांनी दोनदा फोन केला. पहिल्यांदा मी उचलला आणि बरं नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा उचलायची हिंमत झाली नाही.

आमच्याकडे चौकातला फ्लेक्स फार दिवस टिकत नाही, त्यावर दुसऱ्याचा वाढदिवस चढतो. मंडळाची पोरंही परवा हा उतरवायला आली होती, कुणाच्या तरी वाढदिवसासाठी. लेक क्लासहून परत येत होती. तोंडाचा स्कार्फ काढून तिनं त्यांना हात जोडले आणि म्हणाली, "दादा, राहू द्या ना. प्लीज." त्यांनी राहू दिला.