मांगं बस गा, मालक

शेवटची भेट झाली तेव्हा धानाचे रोवणे सुरू होते. गोंदियाहून बसनं दवनीवाड्याला उतरलो, तर माझा दोस्त तेजलाल नेहमीप्रमाणे बैलांच्या कोठ्यात. बैल कधीचेच गेले, ट्रॅक्टर आला, आणि कोठ्यात उरली ती त्याच्या आज्याची फ्रान्सची मोटर. तिच्या फूटबोर्डावर बसून तो फोनवर बोलत होता. मुंबईचे कोणी जुन्या गाड्या जमवणारे गृहस्थ वर्षभर त्याच्या मागं लागले होते. अशा गाड्या जगात आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, द्या मला, असं त्यांचं म्हणणं. तेजलालनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "मालकाले इचारून सांगतो." मला वाटलं, त्या गृहस्थाला टोलवून राहिला. मीही हसलो. पंधरा दिवसांनी त्याच्या मुलाचा, योगेशचा, पुण्याहून फोन आला... "काका, बाबा गेले." तेजलाल घरात एकटाच होता. सकाळी शेजारचा दूधवाला हाका मारून थकला, तेव्हा कळलं.

'मालक' म्हणजे मी. पन्नास वर्षं तेजलालनं मला नावानं हाक मारली नाही. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला कारकून, कसला मालक नि काय. उलट माझा आजा डोमाजी हा त्याच्या आज्याचा ड्रायव्हर. तेजलालचा आजा मालगुजार, चार गावांचा जमीनदार होता. ही मोटर पॅरिसहून मागवली होती कोण्या संस्थानिकानं, मग ती नागपूरच्या एका बॅरिस्टराकडं आली आणि त्याच्याकडून मालगुजारांकडं. माझा आजा ती नागपूरहून चालवत घेऊन आला, तेव्हा वाटेतल्या गावांतली माणसं कामं टाकून रस्त्यावर आली होती म्हणे. पुढं बॉनेटच्या टोकावर बाहुलीएवढी काचेची बाई, वाऱ्यात झुकलेली. तेजलालची आजी तिला देवी समजून कुंकू लावायची, त्या काचेत अजून लाली आहे. ड्रायव्हर आणि मालक यांच्यामध्ये काचेचा पडदा, आणि मालकानं मागून हुकूम द्यावा म्हणून बोलायची एक नळी. मागं तोंड, पुढं कान. फ्रान्सच्या लोकांनाही ड्रायव्हरचं तोंड बघायचं नसावं, असं मी एकदा म्हटलं होतं, तर तेजलाल पोट धरून हसला होता.

आज्याची एक गोष्ट मी लहानपणी फार ऐकली. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली तेव्हा मालगुजारांना वाटलं, सरकारनं गावं घेतली, आता मोटरही नेईल. कोणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं, पण भीतीच ती. मग आज्यानं ती मोटर तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगाखाली दडवली आणि पूर्ण पावसाळा राखली. सरकारचा माणूस काही आला नाही. तणस काढलं, तर मागच्या सीटवर मांजरीनं पिल्लं घातली होती. गोष्ट इथंच संपायची, आणि आजा हसता हसता एकदम उठून बाहेर जायचा. पुढं मोटरीचे पार्ट मिळेनासे झाले, ती कोठ्यात गेली. तरी आजा म्हातारपणीही दर आठवड्याला गोंदियाहून सायकलनं जायचा, ती पुसायचा आणि मालगुजारांच्या घरी जेवून परत यायचा. चालत नाही त्या गाडीला कायले पुसून राहिला, असं माझी आजी चिडून विचारायची. त्याच्यासोबत सायकलच्या दांड्यावर बसून मी जायचो, आणि तिथंच तेजलाल भेटला.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकतात आणि त्यांच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेजलालकडं बैल राहिले नाहीत तरी त्यानं पोळा सोडला नाही. तो मोटरीच्या बॉनेटला लोणी-हळद लावायचा. आणि आवतन? ते मला द्यायचा, फोनवर. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मी म्हणायचो, अबे, मी काय बैल आहे का. तो म्हणायचा, त्याहून कमी आहे का. माझी बायको गेली, त्याचीही गेली, पोरं पुण्या-नागपूरला लागली, आणि वर्षभरात आवर्जून कोणी जेवायला बोलावण्याचा तो एकच दिवस उरला होता. पुरणपोळी गावातल्या बाईकडून करून घ्यायचा. जेवण झालं की आम्ही दोघं म्हातारे कोठ्यात जाऊन त्या बंद मोटरीत बसायचो. तो पुढं, स्टिअरिंगवर. मी त्याच्या बाजूला बसायला गेलो की दार धरून उभा राहायचा. "मांगं बस गा, मालक." मग मी मागं. तो नळी कानाला लावायचा आणि वाट बघायचा. "हुकूम सोड ना." मला लाज वाटायची. मी कधी काही बोललो नाही. मग तो नळी परत खुंटीवर टांगायचा.

एका वर्षी मी भडकलोच. त्या दिवशी त्याचे दोन-चार नातेवाईक आले होते आणि त्यांच्यासमोर त्यानं मला मागं बसवलं, मालक म्हटलं. ते हसले. मी खाली उतरून बोललो ते आजही आठवतं. म्हटलं, माझ्या आज्यानं तुमची गाडी हाकली, तुमचं उष्टं खाल्लं, ते मला माहीत आहे, दर वर्षी आठवण करून द्यायची गरज नाही. तेजलालचं तोंड उतरलं. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि पाहुण्यांकडं बघून मिटलं. "बरं, नाही म्हणत," एवढंच म्हणाला. दुसऱ्या पोळ्यापर्यंत आम्ही बोललो नाही. मग आवतन आलं. "आज आवतन घे, मालक..." मी निमूट गेलो. न जाऊन कुठं जाणार होतो?

तेराव्यानंतर योगेशनं कोठा झाडायला काढला. मुंबईच्या गृहस्थांनी कागदपत्रं मागितली होती. मागची सीट उचलली तर खाली टिनाचा डबा निघाला आणि त्यात गाडीच्या नोंदणीचं जुनं पुस्तक. योगेश तो डबा घेऊन थेट गोंदियाला माझ्याकडं आला. चहा घेतला नाही, बसलाही नाही. पुस्तकात मालक म्हणून नाव होतं डोमाजीचं. माझ्या आज्याचं. सरकार नेईल या भीतीनं मालगुजारांनी सगळ्यात भरवशाच्या माणसाच्या नावानं मोटर करून टाकली, आणि परत आपल्या नावानं करायची राहून गेली. आज्यानं कधी हूं की चूं केलं नाही. आणि तेजलालला ठाऊक होतं. डब्याच्या झाकणावर हळदीची बोटं उमटली होती, एकावर एक, जुनी काळी पडलेली आणि वरची गेल्या पोळ्याची पिवळी. दर वर्षी तो डबा काढायचा, हळद लावायचा, परत ठेवायचा आणि वरून मला बसवायचा.

आधी मला रागच आला. सांगायचं ना, बाबा. पन्नास वर्षं एक वाक्य तोंडातून निघालं नाही? मी ज्याला टोमणा समजून जळत राहिलो, तो त्याचा कबुलीजबाब होता. मग दुसरा विचार आला, तो जास्त वाईट. हे दर वर्षीचं आवतन, ही दोस्ती, त्या कागदाच्या धाकानंच तर नव्हती? रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी, भाजी चिरता चिरता हे मनात यायचं आणि मी विळी बाजूला ठेवून बसून राहायचो. विचारणार कोणाला? आम्हा दोघांबद्दल ज्याला विचारायचं, तोच एक माणूस होता आणि तोच गेला. आणि खरं सांगायचं तर त्यानं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हेही मी छातीठोक सांगू शकत नाही. आम्ही भांडलो होतो त्या वर्षी तर मी गाडी ओढून नेली असती.

योगेश सरळ पोरगा आहे. म्हणाला, काका, गाडी तुमची निघाली, तुम्ही म्हणाल तसं. मी म्हटलं, पोळा होऊ दे. पोळ्याच्या आदल्या दिवशी फोन उशाशी ठेवला होता. येणार नाही हे माहीत असून ठेवला होता. यंदा आवतन न घेताच गेलो, बसनं, लोण्याची डबी आणि तो टिनाचा डबा पिशवीत घेऊन. योगेश आला होता, त्यानं कोठा उघडून दिला आणि मुंबईच्या गृहस्थांना काय कळवू, असं विचारलं. मी म्हटलं, "त्याले सांग, मालकाले इचारलं. मालक नाही म्हणून राहिला."

बॉनेटला लोणी-हळद लावली. डब्यालाही लावली, तेजलालच्या बोटांवर माझी बोटं उमटली. योगेश घरात गेल्यावर मोटरीचं पुढचं दार उघडलं आणि लावून टाकलं. मागं बसलो. काचेपलीकडं स्टिअरिंग दिसत होतं, त्याच्या हातांनी काळं झालेलं. मग नळी तोंडाशी धरली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा हुकूम सोडला.

"तेजलाल, चाल."

पुढं नळीचं कानाचं टोक खुंटीवरच टांगलेलं होतं.