मामांचं राष्ट्रपतिपद

आपल्या हाती काडीचीही सत्ता नाही याचा इतका अभिमान बाळगणारा माणूस माझ्या मामांखेरीज अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. अलिबागजवळच्या त्यांच्या गावात त्यांनी उभी हयात नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. मामा मात्र निवृत्त होताना तो शाळेत न ठेवता घरी घेऊन आले आणि तेव्हापासून त्या घरात संविधान लागू झालं. मामी म्हणजे खालचं सभागृह, कारण ती कायम खाली स्वयंपाकघरात. एकुलती एक लेक प्रज्ञा म्हणजे वरचं सभागृह, कारण तिची खोली माळ्यावर. आणि मामा राष्ट्रपती. "म्हणजे घरात सगळ्यांत मोठे तुम्हीच की," असं मी एकदा म्हणालो, तर माझी कीव आल्यासारखं बघत ते म्हणाले, "मोठा व्हय. पण दोघींनी ठरवल्याबिगर मला पिशवी उचलायचा अधिकार न्हाय."

पिशवी म्हणजे मासळीची. सकाळी मामी सांगायची, "आज बांगडं आणा." प्रज्ञा कामावर निघता निघता जिन्यावरून मान डोलवायची. मामांचा जीव सुरमईवर, पण राष्ट्रपतीला विधेयक फार तर एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतं, म्हणून ते अतिशय गंभीर चेहऱ्याने परत पाठवत. मामी मागे वळूनही न बघता म्हणायची, "बांगडंच." मग मामा समाधानाने चपला घालत. दुसऱ्यांदा आलेल्या विधेयकाला संमती द्यावीच लागते, हे वाटेत भेटेल त्याला समजावून सांगत ते बाजारात पोचेपर्यंत चांगले बांगडे संपलेले असत.

न्यायव्यवस्था बांधापलीकडे, थोरल्या मावशीच्या घरी. न्यायाधीशावर आपला दबाव नको म्हणून मामांनी तिला माशाची तळलेली तुकडी पाठवणंसुद्धा बंद करून टाकलं. मावशीने याचा असा डूख धरला की पुढचे झाडून सगळे निकाल मामांच्या विरोधात गेले. "याला म्हणतात स्वतंत्र न्यायव्यवस्था," असं ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगत.

चक्रीवादळात गावातल्या बुद्धविहाराचे पत्रे उडाले तेव्हा विहार कमिटीचे अध्यक्ष मामाच होते. लोक म्हणाले, "सर, आणीबाणी हाय. तुमी एकट्यानं काय ते ठरवा." मामांनी हात जोडले. मंत्रिमंडळाने लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतीलासुद्धा आणीबाणी पुकारता येत नाही, आपण तर साधे विहाराचे अध्यक्ष, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सगळी कमिटी छप्पर नसलेल्या विहारात छत्र्या उघडून बसली आणि रीतसर ठराव झाला. त्यानंतर शिडीवर पहिले चढले ते मामाच.

मग प्रज्ञाचं विधेयक आलं. कंपनीच्या बसने ती रोज न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या ऑफिसात जायची. कंपनीने तिला हॉलंडमधल्या बंदरावर कायमची जागा देऊ केली आणि आठवड्याभरात होकार मागितला. प्रज्ञाचं मन तर केव्हाच तिकडे पोचलं होतं. मामी रडली, पण हो म्हणाली. उरले मामा. काय होतंय या काळजीने मी पनवेलहून मुद्दाम गेलो, तर हे पडवीत सुपारी सोलत बसलेले. जेवले, पण तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाले, "फेरविचारासाठी परत. तिथं थंडी लय असते."

"पप्पा, मी जाते," प्रज्ञा म्हणाली.

मामीने पदराने तोंड पुसलं. "जाऊ द्या तिला."

मामा उठले आणि माळ्यावरून मोठी बॅग काढायला गेले.

तिला विमानतळावर सोडून आम्ही गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला परतत होतो. मामी खाली गाडीतच बसून राहिली. मामा आणि मी वर डेकवर. कठड्याला टेकून ते म्हणाले, "पहिल्या खेपेला विधेयक आलं की राष्ट्रपतीनं किती दिवसांत परत पाठवायचं, ते कुठं लिहिलेलंच न्हाय. मी नुसता गप बसलो असतो तर कंपनीची मुदत टळली असती. पोर घरी राहिली असती."

"मग का नाही बसलात?"

"तिला ठाव हाय ते. मीच शिकवलंय. म्हणून तर ती एका शब्दानं बोलली न्हाय. नुसती बघत व्हती, बाप काय करतो ते."

मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं.

हल्ली मामी बांगडे म्हणते आणि मामा निमूट पिशवी घेऊन निघतात. परवा ती मला फोनवर सांगत होती, "मीच म्हटलं, एकदा तरी परत पाठवा की. तर म्हणतात, वरचं सभागृह रिकामं हाय, परत पाठवू कुणाकडं?"