घाटखेऱ्याच्या छतावरची माणसं

झाशीची पोस्टिंग आली तेव्हा मी इंजिनिअर्समध्ये कॅप्टन होते. जन्मगावी पोस्टिंग म्हणजे काय, ते फौजी माणसाला विचारा. सीपरी बाजारात आमच्या घरासमोरचे किराणावाले भैया दुकानातूनच ओरडले, "क्या बात है बिटिया, कहाँ से सोर्स लगवाया?" सोर्स म्हणजे वशिला. मी म्हटलं, "भैया जी, सोर्स होता तो पूना माँगती."

वशिला नव्हता, पण नशीब होतं. ते मी आजही नाकारत नाही. माझी थोरली बहीण सुमनताई माझ्यापेक्षा हुशार आणि पळण्यात माझ्यापेक्षा चपळ. पण ती वयात होती तेव्हा डॉक्टरकी आणि नर्सिंग सोडलं तर फौज मुलींना घेत नव्हती. दार उघडलं तेव्हा तिचं वय निघून गेलं होतं, माझं बसत होतं. मी मागून जन्मले, एवढंच त्यातलं माझं कर्तृत्व. ताई अजून मानत नाही. परवाच वरण ढवळता ढवळता म्हणाली, "पहाटे उठून पळायला नशीब आलं होतं का गं?" मी म्हटलं, "तूही पळायचीसच की माझ्याबरोबर." त्यावर तिने माझ्या भातावर जास्तीचं तूप वाढलं.

तर ऐका. माझ्या हाताखाली बोटींचा सेक्शन होता. रबरी फुगवायच्या बोटी आणि त्यांना मागून लावायची मोटर. सेक्शन सांभाळायचे हवालदार सदाशिव साळुंखे, खटाव तालुक्यातले. बुटके, जाड मिशा, बोलणं कमी. त्यांचा एक नेम होता. दर शनिवारी ते प्रत्येक मोटर पाण्याने भरलेल्या ड्रमला लावून चालवत. मोटर कोरडी चालवली तर बिघडते, म्हणून ड्रम. आता झाशीचा मे महिना तुम्हाला ठाऊक नसेल. नळाला पाणी नाही, नदीत वाळू. आणि आमच्या शेडमध्ये ड्रमात मोटर घुरघुरतेय! टँकरवाला पंडितजी कपाळाला हात लावायचा. "मॅडम जी, इहाँ आदमी बिना नहाए बैठा है, और आप मोटर नहला रहीं."

सेक्शनमधली पोरंही कुरकुरायची. साळुंखे एवढंच म्हणायचे, "स्टार्ट झाली? मग पुसून ठेव. नाही झाली? मग खोल." मी एकदा विचारलं, "हवालदार, उन्हाळ्यात एखादा शनिवार सोडला तर?" ते म्हणाले, "मॅडम, मोटरला कॅलेंडर कळत नाही."

त्या साली पावसाने उशिरा, पण एकदम गाठलं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि बेतवा नदी काठ सोडून शेतात शिरली. दुपारी जेवताना ऑर्डर आली. घाटखेरा गावाला पाण्याने वेढलंय, माणसं शाळेच्या छतावर आहेत, पाणी चढतंय. कॉलम म्हणजे बचावाला निघालेली तुकडी; तिचे कमांडर एक मेजर साहेब होते, केरळचे, नवेच आलेले. मी सेकंड-इन-कमांड. अंधाराआधी छत रिकामं करायचं, एवढं एकच काम. अंधारात त्या पाण्यात बोट घालता येत नाही आणि सकाळपर्यंत ते छत टिकेल याची खात्री नव्हती.

मेजर साहेबांनी नकाशावर जवळचा रस्ता दाखवला. त्यात वाटेत नाल्यावर पूल दिसत होता. मी म्हटलं, "सर, तो पूल नाही. रपटा आहे."

"डिफरन्स?"

"पुलाखालून पाणी जातं, सर. रपट्यावरून जातं. नाल्याच्या तळाशी घातलेला सिमेंटचा रस्ता तो. आत्ता बुडालेला असणार."

"तुम्ही पाहिलाय?"

"बाबांची स्कूटर दर पावसाळ्यात तिथंच बंद पडायची, सर. मी मागून ढकलायचे."

ते हसले नाहीत. ड्रायव्हरला म्हणाले, "लाँग रूट." दुसऱ्या दिवशी कळलं, रपट्यावर पुरुषभर पाणी होतं. ट्रक त्या बाजूने गेले असते तर मागे फिरण्यातच दिवस गेला असता. आता सांगा, यात माझे कष्ट कुठले? मी झाशीत जन्मले आणि बाबांची स्कूटर जुनी होती.

नदीकाठी पोचलो तेव्हा बऱ्यापैकी उजेड होता. बोटी फुगवल्या, मोटरी लावल्या. साळुंख्यांनी पहिली दोरी ओढली. सुरू. दुसरी, सुरू. तिसरीही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. साळुंखे म्हणाले, "बघत काय बसलात? चला."

मी काठावर रेडिओ घेऊन. फेऱ्या सुरू झाल्या. लेकुरवाळ्या बाया आधी, मग म्हातारी माणसं. एक आजी अडून बसली, "हम नईं जैहें बकरिया छोड़ कें." रेडिओवर साळुंख्यांचं हिंदी ऐकू आलं, "माई, तुम आगे बैठो, बकरी हमारा मांडी पे." बोट काठाला लागली तेव्हा खरंच त्यांच्या मांडीवर बकरी होती आणि तोंड असं कडक, जणू परेडवर आहेत.

शेवटच्या फेरीला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं म्हणून मी हाक दिली. साळुंखे बोटीत चढलेलेच होते. "वाट माझ्या ओळखीची झालीय, मॅडम."

मग रेडिओ. मी वन, साळुंखे टू.

"वन, धिस इज टू. छत रिकामं. सगळे बोटीत. ओव्हर."

"टू, वन. शाब्बास. या. ओव्हर."

मध्येच बोट बुडालेल्या बाभळीत अडकली. साळुंखे उतरले, फांदीवर पाय देऊन त्यांनी बोट ढकलली. बोट सुटली. त्याच वेळी वरून एक ओंडका वाहत आला आणि त्यांच्या डोक्याला लागला. लाइफ जॅकेट होतं. ओंडका वीतभर बाजूने गेला असता तर ते हसत काठावर आले असते. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. बोटीवरच्या सॅपरने, म्हणजे आमच्या जवानाने, मोटर सोडली नाही, माणसं काठावर आणली. साळुंखे सकाळी सापडले.

घाटखेऱ्याचं एकही माणूस गेलं नाही. मला कमेंडेशन, म्हणजे शाबासकीचं पत्र, मिळालं. त्यावर कर्तव्यनिष्ठा, परिश्रम वगैरे छापलंय. परिश्रम ड्रमवाल्याचे होते, नशीब माझं होतं. दोन्हींतलं एक जरी त्या दिवशी कमी पडलं असतं तरी ते छत रिकामं झालं नसतं. एवढंच मला या वादातलं कळतं.

पुढे काही वर्षांनी साळुंखे वहिनी झाशीला आल्या, तेव्हा मी त्यांना घाटखेऱ्याला नेलं. कुणाला कळवलं नव्हतं, तरी नदीकाठी गर्दी जमली. एकेक पुढे येऊन हात जोडायचा. "हमें उतारे थे." "हमें भी." "हमाई अम्मा को, और हम पेट में थे." वहिनींना हिंदी फारसं येत नव्हतं, पण हे कळलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढी माणसं?"

"एवढी, वहिनी."

त्यांनी पदर सारखा केला आणि ताठ उभ्या राहून प्रत्येकाचा नमस्कार घेतला.

हवालदार सदाशिव साळुंखे, बेतवेच्या पुरात कामी आले. त्यांच्या पश्चात पत्नी आणि एक अख्खं गाव असा परिवार आहे.