अवघड प्रश्नाचं कार्ड

"एका चुकीवरून पोराला ढ म्हणू नका हो!" असं म्हणत आमच्या ऑफिसातले काका मीटिंगमध्ये टेबलावर पेन्सिल आपटायचे. कुणी दचकलं की "सॉरी, सॉरी" म्हणायचे आणि पुन्हा आपटायचे.

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या आमच्या ऑफिसात शाळकरी मुलांच्या कॉम्प्युटरवरच्या परीक्षा तयार होतात. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. काकांचं काम याहून खुबीचं. एकाच उत्तरातून गणितही मोजायचं आणि वाचनही. "शाब्दिक उदाहरण चुकलं ना, मग बघा, पोरगं बेरजेत अडलंय की वाक्यात? नाहीतर बिचाऱ्याचे भलत्याच कारणासाठी मार्क कापाल!" मी नागपूरची, फटकळ. म्हटलं, "काका, आम्हाला सरळ छडी पडायची. कारण कोण बघतो?" त्यावर खो खो हसले.

काकू गेल्यापासून ते एकटेच राहायचे. मुलगी नोकरीसाठी दूर क्युपर्टिनो शहरात. तिला दर रविवारी अकराला फोन. त्याची तयारी शुक्रवारी लंचमध्ये. कार्डांवर प्रश्न लिहायचे, कोपऱ्यात 'सोपा', 'मध्यम', 'अवघड'. हसू नका, तुमच्या वाटचं मी हसून घेतलंय.

सोमवारी गठ्ठा परत ड्रॉवरमध्ये जायचा, आणि निकाल चेहऱ्यावर दिसायचा.

"काय म्हणाली?"

"नवीन कामाबद्दल विचारलं, तर 'मजेत'. मग सोप्यावर आलो. जेवलीस का? 'हो.' थंडी आहे का? 'नाही.' संपलं. तिला माझ्याशी बोलायचंच नसतं गं."

"अहो, मग एकदा अवघडच विचारा की!"

"आणि त्यालाही 'मजेत' म्हणाली तर?" त्यांनी अर्धा डबा तसाच बंद केला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काका उठलेच नाहीत.

टेबल आवरायला मुलगी आली. नाक थेट काकांचं. मी मराठीत बोलू लागले, तशी ती ओशाळली. "सॉरी मावशी, माझं मराठी पाच वर्षांच्या मुलासारखं आहे. बाबांचा रूल होता, घरी ओन्ली मराठी. सो मला येतं तेवढंच बोलायचे मी. हो, नाही, मजेत."

म्हणजे पोरगी वाक्यात अडली होती! अहो काका, जन्मभर आम्हाला जे बजावलंत, ते स्वतःच्या पोरीला लावायचं राहूनच गेलं की! आणि मी तरी कसली शहाणी? रोज समोर बसून मलाही सुचलं नाही. फार वाईट वाटलं.

तिने ड्रॉवरमधून कार्डांचा गठ्ठा काढला. वरची सगळी हाताळून मळलेली. तळाचं एकच नवंकोरं, कोपऱ्यात 'अवघड'.

"मला वाचता नाही येत. काय लिहिलंय?"

मी वाचलं, "आई गेल्यापासून तुला कुणाशी बोलावंसं वाटतं?"

समजायला तिला थोडा वेळ लागला.

"बाबांशी," ती म्हणाली.

एवढं मराठी तिला येत होतं.