यंत्राचा खाऊ

तैवानमधल्या चिपच्या कारखान्यात एका महागड्या यंत्रावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट दिसलं. "कुणाचं राहिलं?" मी विचारलं.

"यंत्राचंच आहे," तिथल्या इंजिनिअर लिनबाई गंभीरपणे म्हणाल्या. "हिरवा दिवा विझू नये म्हणून हिरवंच लागतं. पाकीट शिळं झालं की यंत्र रुसतं."

साऱ्या जगाचे फोन या चिमुकल्या देशाच्या चिपांवर चालतात, आणि तो यंत्रांना खाऊ देतो. मला आमचं वर्कशॉप आठवलं, खंडेनवमीला झेंडूची माळ घालून बसलेलं लेथ मशीन आठवलं. जे आपलं घर चालवतं, त्याला नुसतं तेल घालून माणसाचं समाधान होत नाही.

आमच्याकडेही यंत्रांची पूजा होते, असं मी सांगितलं. "तुम्ही काय देता?" बाईंनी विचारलं.

"फुलं. आणि दिवसभर सुट्टी."

बाईंनी यंत्राकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "याच्यासमोर सुट्टीचं बोलू नका."