सुलीचं अर्धं अक्षर

हे मी कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी साधी पोटदुखीही कधी लपवली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल दिली, नारळ दिला. गुरुजींनी या भागातल्या पोरांना बोलायला शिकवलं, असं एकजण माइकवर म्हणाला. मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला.

बोलायला शिकवलं? तुम्हाला म्हणून सांगतो — एका मुलीचं बोलणं मी बंद केलं.

पण आधी माझं सांगतो. नाही, ही पळवाट नव्हे. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी मूळचा चौक गावचा. आमच्या घरात सगळे 'हाय', 'नाय', 'आमी', 'तुमी' असंच बोलत. मीही. पुण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेलो, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी काहीतरी विचारलं आणि मी उभा राहून म्हणालो, "मला ठाव नाय." अख्खा वर्ग खो-खो हसला. त्या हसण्यानं मी असा पोळलो, की खोलीचं दार लावून 'नाही' म्हणायचा सराव करत बसायचो. 'ही'वर जोर देऊन. जमलं हळूहळू. पण घाबरलो की मात्र 'नाय'च यायचं. अगदी कालपरवापर्यंत.

साठच्या दशकात आमच्याच भागात, कळंबच्या पुढच्या एका गावात माझी नेमणूक झाली. चौथीचा वर्ग. तिथं मी एक नियम काढला — जो 'नाय' म्हणेल, त्यानं भिंतीशी उभं राहायचं. दुसरा कोणी 'नाय' म्हणेपर्यंत. मग त्याची पाळी. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे टपून बसायला लागली. मला वाटायचं, काय झकास युक्ती काढली मी! हसण्यानं भाजलेला माणूस, आणि हसायला पोरं तयार करत होता.

सुली त्याच वर्गात होती. भातशेतीवाल्या घरातली, वरच्या ओठावर तीळ, आणि तोंडाची टकळी कधी थांबायची नाही. प्रश्न विचारून विचारून जीव खायची. सगळ्यांत जास्त 'नाय' तिच्याच तोंडून निसटायचं, त्यामुळे भिंतीची जागा जवळजवळ तिचीच झाली होती. मग तिनं एक वाट शोधली. ती नकारच देईना. पुस्तक आणलं नाहीस? "घरी राहिलं." समजलं नाही? "परत सांगा, गुर्जी." मला तिच्या चलाखीचं हसू यायचं. एवढ्याशा पोरीला नकाराशिवाय जगायला लावलंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

शाळेला नुकतंच एक छोटंसं भिंग मिळालं होतं. सुली ते घेऊन मुंगी बघत बसायची, काढून घेतलं तरी नजर तिकडेच. त्यातच तपासणीचा दिवस आला. तपासणीला साहेब यायचे, आणि त्या एका दिवसासाठी मी काळा कोट घालायचो. सकाळीच वर्गाला दम भरला — साहेबांपुढे कुणाच्या तोंडून 'नाय' आलं, तर गाठ माझ्याशी आहे.

साहेबांनी भिंग मागितलं. साहित्याच्या पेटीत ते नव्हतं.

माझे कान तापले. मी सुलीला उभं केलं. "भिंग तू घेतलंस?"

तिनं तोंड उघडलं. "ना—" एवढंच आलं. ओठ तसेच उघडे राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. पुढचा 'ही' तिला सापडेना, आणि 'य' म्हणायची सोय मी ठेवली नव्हती.

मला कळलं होतं. तुम्ही विचाराल, खरंच? खरंच. तिची जीभ कुठं अडलीय हे ओळखू शकेल असा त्या वर्गात एकच माणूस होता, आणि तो साहेबांकडे वळून म्हणाला, "बघा, गप्प आहे. हिनंच घेतलंय."

संध्याकाळी तिचा बाप आला. टोपी हातात. "गुर्जी, समदं घर धुंडलं. पोर म्हनते, मी नाय घेतलं. सारखं त्येच म्हनते."

"मग वर्गात का बोलली नाही?" मी विचारलं.

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि तो वळला. उत्तर माझ्यापाशी होतं.

पोरं तिला चोरटी म्हणू लागली. ती शाळेत यायची बंद झाली. मी बोलवायला गेलो नाही.

पुढच्या तपासणीला ट्रंकेतून कोट काढला. आतल्या खिशात काहीतरी टणक लागलं. पोरांनी हात लावू नये म्हणून मागच्या तपासणीच्या सकाळी मीच ते तिथं ठेवलं होतं, आणि गडबडीत विसरलो होतो. तिला चोर ठरवत होतो, तेव्हा भिंग माझ्या छातीशी होतं. तेव्हा तरी जाऊन सांगायचं ना? तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. पण साहेबांपुढे खोटा पडलो असतो. मी भिंग नदीत टाकलं, आणि कोट घालून वर्गात गेलो.

निवृत्तीनंतर पेन्शनच्या कामाला खालापूरच्या कचेरीत गेलो होतो. परतताना बसथांब्यावर एक बाई उभी होती, शेजारी तिची मुलगी. मुलीची टकळी चालू होती. "आये, गाडी आली नाय अजून?"

"नाय गं, येल आत्ता," बाई म्हणाली.

ओठावर तीळ होता. मी जवळ गेलो.

"तू सुली ना? मला ओळखलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मुलीचा हात धरला.

"नाही," ती म्हणाली. 'ही' स्वच्छ, पुरता, मी शिकवला होता तसाच.

भिंगाचं मी तेव्हाही बोललो नाही. त्यांची गाडी आली, मुलीला पुढे घालून ती चढली.