बाबांचं पान आणि दहा हॉटेलं

माझे बाबा हॉटेलांच्या यादीमुळं वारले नायत. हे आधीच सांगून टाकतो, कारण घाटकोपरला आमच्या चाळीत अजून लोक तसंच समजतात. बाबा छातीच्या दुखण्यानं गेले. पण जायच्या आधी बरेच दिवस ते त्या यादीशी भांडत होते, हे मात्र खरं.

स्टेशनाजवळ माझं हॉटेल. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक चूल आणि कांदाभजी. (शाळेतून मास्तरांनी मला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं. त्यामुळं माझ्याच पाटीवर काय लिहिलंय ते मला गिऱ्हाईक वाचून दाखवतं.) गिरणीतली नोकरी सुटल्यापासून बाबा रोज त्या बाकड्यावर बसायचे. एका रविवारी आमचे शेजारी पेडणेकर पेपर घेऊन आले. पेडणेकर फोर्टात वकिलाकडं कारकून, म्हणजे चाळीचे बॅरिस्टर. चहा पिता पिता त्यांनी मोठ्यानं वाचलं, 'मुंबईतली दहा उत्तम हॉटेलं.' एक फोर्टातलं, तीन गिरगावातली, दोन दादरची, असं करत करत दहा भरली. घाटकोपर तेव्हा नुकतंच मुंबईत धरायला लागले होते, पण यादीत ते कुठंच नव्हतं.

बाबा माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आणि माझ्या झिलाचा खंय हा?"

"अहो, ही मुंबईची यादी आहे," पेडणेकर म्हणाले.

"घाटकोपर मुंबईत घेतल्यानी ना? मगे हॉटेल कित्या नाय घेतल्यानी?"

पेडणेकरांनी कायद्याची पुस्तकं हाताळलेली. त्यांनी चहा संपवला आणि पैसे न देता गेले.

त्या दिवसापासून चहाला येणारा माणूस बाबांच्या तावडीत सापडायचा. दहातल्या एकाही हॉटेलाची पायरी बाबा चढले नव्हते, पण प्रत्येकाचं काय चुकतं ते त्यांना ठाऊक होतं. चार नंबरवाला तेल बदलत नाय. सात नंबरवाला सोडा घालतो.

"तुम्ही कधी गेला होता तिकडं?" कुणी विचारायचं.

"जावक कित्या व्हया? नाव आयकलंय मा."

मग ते माझ्याकडून एक प्लेट भजी मागवायचे आणि गिऱ्हाइकासमोर डोळे मिटून, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचे. ते बघून गिऱ्हाईकही एक प्लेट सांगायचं. एकच भजं खाल्लं की त्याला कुठलंतरी काम आठवायचं. मला वाटायचं, मुंबईची माणसं, घाई असते.

आजारी पडल्यावरही प्लेट चुकली नाय. मी घरी नेऊन द्यायचो. ते खायचे, माझ्या पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "फुडच्या यादीत तुझा नाव येतला बघ." एका सकाळी प्लेट घेऊन गेलो, तर खाणारा गेला होता.

तेराव्याला चाळीमागच्या भिंतीवर कावळ्याचं पान ठेवलं. आमच्यात रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं पानावर वाढायचं. कावळा शिवला तर त्याची इच्छा उरली नाय असं समजायचं, आणि मगच बाकीच्यांनी जेवायला बसायचं. पानावर भात, वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर, आणि मधोमध माझी भजी. डोंगराएवढी. बाबांची आवड अख्ख्या चाळीला पाठ होती.

कावळे आले. चिंचेवर बसले. त्यांनी पानाकडं बघितलं, मग एकमेकांकडं बघितलं, आणि तिथंच थांबले.

लालबागचे काका हात जोडून म्हणाले, "दादा, तुझ्या पोरीच्या लग्नाचं मी बघतो." कावळा हलला नाय. मामा म्हणाले, "गावचं घर मी शाकारतो." एक कावळा पंख साफ करायला लागला. ऊन डोक्यावर आलं, वड्यांचा वास सुटला, पोरं रडायला लागली.

पेडणेकर खाकरले. "जीव यादीत अडकलाय."

सगळ्यांना पटलं. काका म्हणाले, "दादा, तुझ्या नावानं एक नंबरच्या हॉटेलात जेवून येतो."

"एक नंबर कशाला?" मामा म्हणाले. "भावोजींचा ओढा गिरगावाकडं."

"गिरगावात तीन आहेत. त्यातलं कुठलं?"

"मधलं."

"मधल्याची आमटी गोड लागते रे."

"तू कधी खाल्लीस?"

"दादाच सांगायचा."

उपाशी माणसांना हॉटेलांवर बोलायला दिलं की काय होतं, ते मी त्या दिवशी बघितलं. दादरवाले एका बाजूला, गिरगाववाले एका बाजूला. एकानं सुरमईचं नाव काढलं. आत्या ओरडली, "मेल्यांनो, तेरावं आहे. भांडा, पण शाकाहारी हॉटेलांवर भांडा."

शेवटी मीच पानासमोर गेलो. "बाबा, पुढच्या यादीत आपलं हॉटेल येईल. मी आणीन." एक कावळा उडाला, भिंतीवर आला, पानाजवळ आला. मान वाकडी करून त्यानं भज्यांकडं बघितलं आणि परत चिंचेवर गेला. मी खालीच बसलो. माझ्या हॉटेलापायी माझा बाप असा अधांतरी लटकून राहिला, एवढंच डोक्यात येत होतं.

सकाळपासून आई चुलीपाशीच होती. ती बाहेर आली.

"ती भजी काढ पानावरची."

"आई, त्यांची आवड ती."

"आवड खंयची? रोज घराक येऊन पोट धरून ओवो चावत बसत. मी इचारलंय, सोसना नाय तर कित्या खातास? तर म्हणत, बापाशीनच नाय खाल्ल्यान तर लोकां कशी खातली?" तिनं पदर तोंडाला लावला. "आता तरी सोड रे तेंका."

मी दोन्ही हातांनी भजी उचलली. पाठ वळवली नसेल, तोच मागं फडफड झाली. एकानं वडा उचलला, दुसऱ्यानं खिरीत चोच घातली. "शिवला, शिवला," म्हणत सगळे पंगतीकडं पळाले.

मी तसाच उभा, ओंजळीत भजी घेऊन. हॉटेलवाला स्वतःचं कधी खात नाय, तसं मीही कधी खाल्लं नव्हतं. एक भजं तोंडात टाकलं. बाहेरून जळकं, आतून कच्चं, मधे कुठंतरी मीठ आणि नुसती मिरची. बापानं मला किती जीव लावला होता, ते मला तेव्हा दातांनी कळलं. डोळ्यांतून पाणी थांबेना.

पंगतीतून पेडणेकर म्हणाले, "रडू नको रे. सुटले ते."

मी मान हलवली. अर्धं पाणी भज्याचं होतं, हे त्यांना कशाला सांगू?